पाठकोरे

कुताइसीच्या पाणीपुरवठा खात्यात
कोठाराची किल्ली लामारा मावशीकडे होती.
कोठारात तसं काही नव्हतं:
सुकलेली शाई, गंजक्या टाचण्या,
आणि छताला टेकलेले छापील फॉर्म,
जो देश उरला नव्हता त्याचे.

"पाठकोरे आहेत," ती म्हणाली,
स्थळ सुचवताना म्हणतात ना,
रंगानं सावळी, पण गुणाची, तसं.

मी नवी होते. त्या हिवाळ्यात वीज
दिवसाला दोन तास यायची.
पगार यायचा किंवा यायचा नाही,
एकदा त्याऐवजी मक्याचं पोतं आलं.

तिनं शिकवलं:
कागद सुरीनं कापायचा. कात्री वाकडी जाते
आणि बोटभर खाऊन टाकते.
चार तुकडे, रजईचा दोरा, झाली वही.
आलेली पाकिटं किटलीच्या वाफेवर उकलायची,
उलटी करून पुन्हा चिकटवायची.
खळ पिठाची. पीठ तिच्या घरचं,
आणि तेही ती नोंदवून ठेवायची:
पीठ, एक चमचा, येणे.

पेन्सिल हवी तर आधी थोटूक दाखवा.
करंगळीच्या पेराहून मोठं निघालं
की त्याला कागदाची नळी चढवून परत करायची,
"अजून तीन आठवडे."
ऑतांदिल साहेबांनाही माफी नव्हती.
कार्बन खिडकीशी धरून ती बघायची
त्यात अजून किती रात्र शिल्लक आहे.
लाल पेन्सिल सबंध मजल्यात एक.

आम्ही हसायचो, अर्थात.
गुरामनं नक्कल बसवली होती,
मावशी मरताना मृत्युपत्र लिहिते आहे
बसच्या तिकिटाच्या पाठीवर,
आणि समास सोडत नाही.

एकदा तिच्या घरी गेले, किल्ली आणायला.
तिचा बेसो मेणबत्तीशी गणितं करत होता
आमच्याच फॉर्मच्या पाठीवर.
त्याची पाठची बाजू संपली असावी केव्हातरी,
कारण एका फॉर्मची पुढची बाजूही भरलेली होती,
नीट, छापील प्रश्नांच्या पुढे:
नळ: एक.
पाणी: नाही.
कुटुंबातील माणसं: आई, मी,
बाबा (मॉस्कोला, येणार).

उलटून पाहिलं तर त्याच कागदावरची गणितं
तिनं पावाच्या गोळीनं पुसून काढलेली,
पुन्हा वापरायला.
पुढची बाजू
पुसलेली नव्हती.

नक्कल त्यानंतर मला बघवली नाही.
गुरामला मात्र कारण सांगितलं नाही,
आणि तो करत राहिला.

नव्या साहेबांच्या काळात ती गेली.
राजीनामा अर्ध्या कागदावर, पाच ओळींत,
आणि उरलेला कोरा अर्धा
घडीवर फाडून शेजारी ठेवलेला.
साहेबांना वाटलं, अपमान आहे.
नोंदवहीत शेवटची बेरीज तिच्या हातची:
पीठ, दोनशे अकरा चमचे, येणे.
ते कुणी दिले नाहीत. मीही नाही.

आता आमच्याकडे छापायचं यंत्र आहे,
एका चुकीला सहा कागद देतं.
परवा तिबिलिसीहून एक तरुण आला,
खर्च कसा वाचवावा हे सांगायला.
छान बोलला. शाई जपा, म्हणाला,
घरीही सवय लावा, म्हणाला,
आणि प्रत्येकाला चाळीस पानं वाटली,
गुळगुळीत, जाड,
एकाच बाजूला छापलेली.

सगळे जेवायला गेल्यावर
मी खुर्च्यांवरून ती गोळा केली.
सव्वीस गठ्ठे. हात भरून आले.
सुरी शोधत प्रत्येक खण उघडला;
कात्र्या सापडल्या, पाच, नव्याकोऱ्या.

सुरी उद्या घरून आणीन.
आणि वाटीभर पीठ.